चार्ज, फोर्स, फील्ड: आधी "कोण कोणावर" ते ठरवा, मग सूत्र

इलेक्ट्रोस्टॅटिक्स, म्हणजे स्थिर चार्जचं फिजिक्स, अवघड आहे असं सगळेच म्हणतात, पण सुरुवातीची सूत्रं बघितली तर दोनच आहेत आणि तीही एकेका ओळीत मावतात. घोडं अडतं ते भलतीकडेच. गणितात तीन चार्ज दिलेले असतात, त्यातला कोण ढकलतोय आणि कोण ढकलला जातोय हे कोणी ठरवतच नाही, मग ते उणे चिन्ह सूत्रात कुठंतरी घुसतं आणि उत्तर बरोबर उलट्या दिशेला जाऊन बसतं. म्हणून सूत्र पाठ करायच्या आधी हे "कोण कोणावर" प्रकरण पक्कं करू, आणि त्याची सुरुवात वही-पेनानं नको, चिकटपट्टीनं करू.

साधी पारदर्शक चिकटपट्टी घ्या. टेबलावर एक लांब पट्टी चिकटवून ठेवा, तिला हात लावायचा नाही, तो आपला पाया. तिच्यावर वीतभर लांबीची दुसरी पट्टी चिकटवा, एक टोक दुमडून पकडायला जागा ठेवा आणि झटकन ओढून काढा. तशीच अजून एक काढा. आता दोन्ही हातात एकेक पट्टी लटकवून जवळ आणा, खालची टोकं एकमेकांपासून लांब पळतात. दोघींना अगदी सारखी वागणूक मिळाली, म्हणून दोघींवर सारखाच चार्ज आला, आणि सारखे चार्ज ढकलतात.

आता दुसरा भाग. पायावर एक पट्टी, तिच्या पाठीवर दुसरी, अशा चिकटवा आणि ही जोडी हळूच एकत्र उचला. जोडीच्या गुळगुळीत बाजूवरून एकदा बोट फिरवा म्हणजे आधीचा चार्ज निघून जाईल. मग दोन्ही पट्ट्या झटकन एकमेकींपासून सोडवा आणि जवळ आणा. या वेळी त्या एकमेकींकडे झेपावतात, सांभाळलं नाही तर गुंडाळी होऊन बसतात. जोडीवर मिळून चार्ज जवळपास शून्य होता, सोडवताना एकीचे काही इलेक्ट्रॉन दुसरीकडे गेले, जितकं हिचं उणं तितकंच तिचं अधिक. चार्ज नव्यानं तयार होत नाही आणि नाहीसाही होत नाही, फक्त इकडचा तिकडे जातो, हा नियम आत्ता तुमच्या हातात लटकतोय. हवा दमट असेल तर प्रयोग फसतो, कारण पृष्ठभागावर ओलसरपणा धरला की चार्ज हळूहळू वाहून जातो, त्यामुळं कोरडा दिवस बघून करा.

कुठल्या पट्टीवर कुठला चार्ज ते बघायचं असेल तर प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसातून फिरवा, त्याच्यावर सहसा ऋण चार्ज येतो. कंगव्यापासून लांब पळेल ती पट्टी ऋण. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पट्टी कंगव्याकडे ओढली गेली म्हणजे ती धन आहे असं लगेच म्हणू नका. ओढ तर चार्ज नसलेल्या वस्तूलाही लागते. त्या पट्टीजवळ तुमचं बोट नेऊन बघा, पट्टी बोटाकडे येते आणि बोट तर न्यूट्रल आहे. कागदाचे कपटे कंगव्याला चिकटतात तेही तसंच, कंगव्याच्या ऋण चार्जमुळं कपट्यातले धन-ऋण किंचित सरकतात, धन बाजू कंगव्याच्या जवळ आणि ऋण बाजू लांब, जवळच्यावर ओढ जास्त आणि लांबच्यावर ढकलणं कमी, वजाबाकी करून उरते ती ओढ. काही कपटे चिकटल्यावर क्षणात उडून जातात, कारण कंगव्याला टेकल्यावर त्यांनी त्याचाच थोडा चार्ज घेतलेला असतो. तर चार्ज आहे याचा खात्रीचा पुरावा म्हणजे ढकलणं. हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो आणि भले भले "ओढ" असं सांगून मोकळे होतात.

धन आणि ऋण ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिननं रूढ केली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता, तो जे. जे. थॉमसनला १८९७ साली सापडला आणि निघाला ऋण. म्हणून तारेत करंटची दिशा एकीकडे दाखवतात आणि इलेक्ट्रॉन जातात दुसरीकडे. याचा त्रास करून घेऊ नका, चिन्ह उलटं ठरलं असतं तरी फिजिक्स हेच राहिलं असतं.

चार्ज मोजायचं एकक कुलोम. एका इलेक्ट्रॉनवरचा चार्ज १.६ × १०⁻¹⁹ कुलोम, आणि सुट्टा मिळणारा कुठलाही चार्ज याच्याच पूर्ण पटीत मिळतो, अर्धा इलेक्ट्रॉन कोणी उचलून देत नाही. २०१९ पासून तर हा आकडा १.६०२१७६६३४ × १०⁻¹⁹ असा कायमचा ठरवूनच टाकलाय, आता तो मोजायचा नसतो, त्याच्यावरून बाकीची एककं ठरतात. १ कुलोम हा स्थिर चार्ज म्हणून अवाढव्य असतो, म्हणून गणितात मायक्रोकुलोम म्हणजे १०⁻⁶ आणि नॅनोकुलोम म्हणजे १०⁻⁹ दिसतात. १ नॅनोकुलोम म्हणजे सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन, हा आकडा ध्यानात ठेवा, थोड्या वेळानं लागणार आहे.

फोर्स काढायचा कसा

१७८५ मध्ये फ्रान्सच्या चार्ल्स ऑगस्टिन कुलोमनं बारीक तारेला किती पीळ पडतो त्यावरून चार्जमधला फोर्स मोजला आणि नियम मिळाला तो असा:

फोर्स = के × (पहिला चार्ज × दुसरा चार्ज) ÷ (अंतराचा वर्ग)

के म्हणजे जवळपास ९ × १०⁹ न्यूटन मीटर² प्रति कुलोम². अंतर दुप्पट केलं तर फोर्स चौथाई, तिप्पट केलं तर नववा हिस्सा, अंतर अर्धं केलं तर चौपट. हे पॉइंट चार्जसाठी आहे, म्हणजे वस्तूंचा आकार त्यांच्यातल्या अंतरापुढं अगदी लहान हवा, चार्ज स्थिर हवेत, आणि आजूबाजूला निर्वात किंवा हवा (हवेनं फरक नगण्य पडतो). पाण्यात हाच फोर्स सुमारे ८० पट कमी होतो, मीठ पाण्यात विरघळतं त्याच्यामागं हे एक मोठं कारण आहे.

आता सोडवायची पद्धत. पहिलं काम आकृती, चार्ज ठिपक्यांनी काढा, शेजारी चिन्ह लिहा. दुसरं, ज्याच्यावरचा फोर्स विचारलाय त्याला गोल करा, बाण फक्त त्याच्यावरच काढायचे, बाकीच्यांवर काय होतंय त्याच्याशी आत्ता आपल्याला घेणंदेणं नाही. बाकीचा प्रत्येक चार्ज याला ओढतोय की ढकलतोय ते बघून एकेक बाण काढा. दिशा इथंच संपली. आता सूत्रात चार्ज टाकताना चिन्ह टाकायचंच नाही, नुसता आकडा टाकायचा. ही सवय मला सगळ्यात कामाची वाटते, कारण चिन्ह सूत्रात टाकलं की उत्तर उणे येतं आणि मग ते उणे म्हणजे डावीकडे का आकर्षण का अजून काही याच्यावर दहा मिनिटं जातात. व्हेक्टर लिहून चिन्हासकट सोडवायची पद्धतही बरोबरच आहे, पण ती हात बसल्यावर.

एक करून बघू. +२ मायक्रोकुलोम आणि −३ मायक्रोकुलोम, अंतर ३० सेंटिमीटर. सेंटिमीटरचं मीटर आधी करा, ०.३, आणि वर्ग करायला विसरू नका, ०.०९. वरती ९ × १०⁹ × २ × १०⁻⁶ × ३ × १०⁻⁶ म्हणजे ०.०५४. भागिले ०.०९, उत्तर ०.६ न्यूटन, आणि दिशा एकमेकांकडे. कोणावर किती असं विचारलं तर दोघांवरही ०.६ च. मोठा चार्ज जास्त जोरात ओढतो असं वाटतं खरं, पण सूत्रात दोघांचा गुणाकार आहे, त्यात कोण पहिला आणि कोण दुसरा यानं काही फरक पडत नाही, न्यूटनचा तिसरा नियम इथं पण चालतोच.

तीन चार्ज असतील तर प्रत्येक जोडीचा फोर्स असा काढायचा की जणू तिसरा तिथं नाहीच, आणि शेवटी बाणांची बेरीज. एका रेषेत असतील तर सरळ बेरीज-वजाबाकी. काटकोनात असतील तर पायथागोरस, एक बाण ३ न्यूटनचा आणि दुसरा ४ चा असेल तर उत्तर ५, ७ नाही. तिरके असतील तर आडवे-उभे भाग पाडा, यात नवीन काही नाही, मेकॅनिक्समध्ये जे केलं तेच.

हा फोर्स किती जबरदस्त आहे ते कळायला आपल्या त्या चिकटपट्ट्यांकडं परत जाऊ, कारण त्यांच्यावरचा चार्ज आपल्याला घरबसल्या अंदाजे काढता येतो. समजा एका पट्टीचं वजन ०.१५ ग्रॅम आहे, जवळ आणल्यावर ती उभ्या रेषेपासून १० अंश कलते आणि दोघींचे मध्य ५ सेंटिमीटर लांब राहतात. कललेली पट्टी स्थिर आहे म्हणजे आडवा फोर्स = वजन × टॅन १०. वजन ०.१५ × १०⁻³ × ९.८, गुणिले ०.१७६, येतात २.६ × १०⁻⁴ न्यूटन. आता कुलोमचा नियम उलटा लावा, चार्जचा वर्ग = फोर्स × अंतराचा वर्ग ÷ के, म्हणजे २.६ × १०⁻⁴ × ०.००२५ ÷ (९ × १०⁹), ते होतात ७.२ × १०⁻¹⁷, वर्गमूळ काढलं की सुमारे ८.५ × १०⁻⁹, साडेआठ नॅनोकुलोम. (पट्टी काही पॉइंट नाही, त्यामुळं हा ढोबळ अंदाज, पण घातांक बरोबर येतो आणि तेवढंच हवंय.) इलेक्ट्रॉनमध्ये सांगायचं तर पाच हजार कोटींच्या वर. खूप वाटतात ना, पण एवढ्याशा पट्टीत अणू असतात १०²² च्या आसपास, म्हणजे तीसेक हजार कोटी अणूंमागं जेमतेम एक इलेक्ट्रॉन इकडचा तिकडं झालाय आणि तेवढ्यानं पट्टी गुरुत्वाकर्षणाला न जुमानता तिरकी उभी आहे. १-१ कुलोमचे दोन चार्ज १ मीटरवर ठेवता आले असते तर ९ × १०⁹ न्यूटन फोर्स लागला असता, ते ९ लाख टनांचं वजन झालं. हायड्रोजनच्या अणूत प्रोटॉन-इलेक्ट्रॉनमधली विद्युत ओढ त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या २ × १०³⁹ पटीहून जास्त आहे. मग रोजच्या वस्तूंमध्ये हे जाणवत का नाही, तर धन आणि ऋण जवळजवळ तंतोतंत सारखे असतात म्हणून.

फील्ड म्हणजे जागेचा हिशोब

फोर्स कळला की लोक फील्डला येऊन थबकतात, कारण "आता हे अजून काय नवीन" असं वाटतं. फोर्स काढायला दोन चार्ज लागतात. फील्डला एकच पुरतो. एका ठिकाणी चार्ज ठेवला, आता त्याच्यापासून अमुक अंतरावर, जिथं अजून काहीच नाही, तिथं कोणी १ कुलोमचा धन चार्ज आणून ठेवला तर त्याला किती फोर्स लागेल आणि कुठल्या दिशेनं, ते उत्तर म्हणजे त्या जागेचं फील्ड. चार्ज आणून ठेवला नाही तरी फील्ड तिथं आहेच. पॉइंट चार्जसाठी

फील्ड = के × चार्ज ÷ (अंतराचा वर्ग)

आणि त्या जागी कोणी आलाच तर फोर्स = येणाऱ्याचा चार्ज × फील्ड. एकक न्यूटन प्रति कुलोम, किंवा व्होल्ट प्रति मीटर, दोन्ही एकच. दिशा धन चार्जपासून बाहेर, ऋण चार्जकडे आत.

सगळी गल्लत होते ती या दोन चार्जमध्ये. फील्डच्या सूत्रातला चार्ज फील्ड तयार करणाऱ्याचा, फोर्सच्या सूत्रातला चार्ज तिथं येऊन ते सोसणाऱ्याचा. स्वतःचं फील्ड स्वतःला ढकलत नाही. म्हणून गणित वाचल्या वाचल्या समासात दोन ओळी लिहा, "करणारे कोण" आणि "सोसणारा कोण", आणि नुसतं फील्ड विचारलं असेल तर दुसरी ओळ रिकामी सोडा. मला तर हे लिहिल्याशिवाय गणिताला हातच लावू नये असं वाटतं, मग तुम्ही कितीही हुशार असा.

मघाचेच दोन चार्ज घेऊ, +२ आणि −३ मायक्रोकुलोम, ३० सेंटिमीटर, आणि बरोबर मधल्या बिंदूवर फील्ड किती ते काढू. अंतर प्रत्येकापासून ०.१५, वर्ग ०.०२२५. +२ चं फील्ड १८००० ÷ ०.०२२५ = ८ × १०⁵, त्याच्यापासून लांब, म्हणजे −३ कडे. −३ चं फील्ड २७००० ÷ ०.०२२५ = १२ × १०⁵, त्याच्याकडे. दोन्ही बाण एकाच दिशेला, बेरीज २० × १०⁵ म्हणजे २ × १०⁶ न्यूटन प्रति कुलोम. चिन्हं विरुद्ध आहेत म्हणून वजाबाकी करायची असं ज्यांना वाटलं त्यांनी आकृती काढली नव्हती एवढं नक्की. आता त्या बिंदूवर एक इलेक्ट्रॉन सोडा. फोर्स १.६ × १०⁻¹⁹ × २ × १०⁶ = ३.२ × १०⁻¹³ न्यूटन, आणि इलेक्ट्रॉन ऋण म्हणून फील्डच्या उलट्या दिशेला, +२ कडे. फोर्स चिमुकला वाटतो पण वस्तुमान ९.१ × १०⁻³¹ किलो, भागाकार करून बघा, प्रवेग ३.५ × १०¹⁷ मीटर प्रति सेकंद² येतो.

अजून एक प्रकार सारखा विचारतात, फील्ड शून्य कुठं? दोन्ही चार्ज एकाच चिन्हाचे असतील तर मध्ये, कारण तिथंच बाण समोरासमोर येतात, आणि बिंदू लहान चार्जच्या जवळ. +४ आणि +१ मायक्रोकुलोम ३० सेंटिमीटरवर असतील तर ४ चं वर्गमूळ २, अंतरं २:१, म्हणून +४ पासून २० सेंटिमीटर. चिन्हं विरुद्ध असतील, +४ आणि −१, तर मध्ये शोधत बसू नका, मध्ये बाण एकाच दिशेला आहेत, शून्य होणारच नाही. बाहेर जायचं, लहान चार्जच्या पलीकडे. −१ पासून पुढं ३० सेंटिमीटर, तिथून +४ चं अंतर ६०, परत २:१ च. मोठ्या चार्जच्या पलीकडे का नाही? तिथं मोठा जवळही आहे आणि मोठाही आहे, लहानाची डाळ शिजणार कशी.

फील्डच्या रेषा मायकेल फॅराडेची कल्पना, चित्र म्हणून उत्तम. दाटीवाटीनं असतील तिथं फील्ड जास्त, विरळ तिथं कमी, धनातून निघतात आणि ऋणात संपतात, एकमेकींना छेदत नाहीत कारण एका बिंदूवर फील्डला दोन दिशा असू शकत नाहीत. फक्त त्या तारा आहेत आणि दोन तारांच्या मधल्या जागेत काही नाही, असं समजू नका. आणि रेषेवर ठेवलेला चार्ज रेषेवरूनच चालत जाईल असंही नाही, रेषा त्या जागेचा फोर्स कुठं ते सांगते, वाट नाही सांगत.

अंतराच्या वर्गानं कमी होणं हे फक्त पॉइंट चार्जचं. लांबलचक सरळ चार्ज्ड तारेचं फील्ड नुसत्या अंतरानं कमी होतं, मोठ्या सपाट पत्र्याचं जवळ असेपर्यंत कमी होतच नाही, आणि डायपोलचं, म्हणजे जवळजवळ ठेवलेल्या सारख्याच धन-ऋण जोडीचं, लांबून बघितलं तर अंतराच्या घनानं घसरतं, कारण लांबून दोघे एकमेकांना जवळपास पुसून टाकतात. यातलं तारेचं आणि पत्र्याचं गाउसच्या नियमातून दोन-तीन ओळीत निघतं, डायपोलचं दोन चार्जच्या फील्डची बेरीज करून, पण ते वरचं पक्कं झाल्यावरच हाती घ्या.

धातूचं मात्र वेगळं आहे. धातूत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, आत जरा जरी फील्ड असलं तर ते सरकतात, आणि आतलं फील्ड शून्य होईपर्यंत सरकत राहतात. त्यामुळं सगळं शांत झाल्यावर आत फील्ड शून्य, जास्तीचा चार्ज सगळा बाहेरच्या पृष्ठभागावर, आणि पृष्ठभागाच्या लगत बाहेरचं फील्ड त्याला काटकोनात. पत्र्याची बंद गाडी वीज कोसळताना बऱ्यापैकी सुरक्षित असते ती याच्यामुळं, रबरी टायरमुळं नाही. जी वीज ढगापासून हवेतून एवढी लांब आली तिला टायरचं काय कौतुक. टोकदार भागाजवळ फील्ड खूप वाढतं, आणि हवेत ते साधारण ३ × १०⁶ व्होल्ट प्रति मीटरच्या वर गेलं की हवाच वीज वाहायला लागते, ठिणगी पडते. यावरून झटपट अंदाज करता येतो, कोरड्या हवेत दाराच्या मुठीला हात लावताना १ मिलिमीटरची ठिणगी उडाली तर व्होल्टेज ३००० च्या आसपास होतं. चार्ज मात्र इतका थोडा की दचकण्यापलीकडं काही होत नाही.

उत्तर तपासायला तीन गोष्टी पुरतात. मायक्रोकुलोमचे चार्ज आणि सेंटिमीटरची अंतरं असताना फोर्स लाखो न्यूटन आला तर १०⁻⁶ एकदाच लिहिलंय. अंतराचा वर्ग राहिला असेल तर एककं जुळत नाहीत, लगेच सापडतं. आणि चार्ज एकसारखे असतील, समोरासमोर सारख्या अंतरावर असतील, तर मधल्या बिंदूवर शून्य आलंच पाहिजे, आकडेमोड करायचीसुद्धा गरज नाही.

आता एक तुम्ही करा. +४ आणि +१ मायक्रोकुलोम ३० सेंटिमीटरवर, तिघंही आपापल्या जागी स्थिर राहतील असा तिसरा चार्ज कुठं ठेवायचा आणि केवढा? जागा तर वर काढलीच आहे, +४ पासून २० सेंटिमीटर, तिथं फील्ड शून्य म्हणून तिसरा कितीही असला तरी तो स्वतः हलणार नाही. बाकीच्या दोघांना थांबवायला तो दोघांनाही ओढणारा हवा, म्हणजे ऋण. +१ ला गोल करा, त्याला +४ ढकलतोय ३० सेंटिमीटरवरून आणि तिसरा ओढतोय १० वरून, ४ ÷ ०.०९ = तिसरा ÷ ०.०१, येतं ४/९. म्हणजे −०.४४ मायक्रोकुलोम. +४ ला गोल करूनही तेच येतं का बघा, यायलाच हवं. फक्त यातला एकही चार्ज केसभर सरकला तरी सगळं मोडतं, सॅम्युअल अर्नशॉनं १८४२ मध्येच दाखवून ठेवलंय की नुसत्या स्थिर चार्जेसच्या जोरावर टिकाऊ समतोल मिळतच नाही, त्यामुळं उत्तर बरोबर आलं तरी टेबलावर मांडून दाखवायच्या भानगडीत पडू नका.